फ्रुमेत सुईणीचे डोळे

फ्रुमेत सुईण रेब्बेंकडे, गावातल्या ज्यूंच्या धर्मगुरूंकडे, गेली ती मुलाची काळजी घेऊन. नाफ्ताली कामधंद्यासाठी व्हिएन्नाला गेला, आणि तेव्हापासून त्याची काही खबर नव्हती. दुसरीही एक काळजी होती, पण ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याच्या कबरीपाशीसुद्धा नाही. वर्षभर तिच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा चढत होता. माणसं ती आवाजावरून ओळखायची, नाळ बोटांनी चाचपून कापायची. गावाला कळलं तर तिला बाळंतपणाला बोलावणार कोण?

बाहेरच्या खोलीत गर्दी होती, आणि रेब्बे मनातलं कसं ओळखतात याच्याच गोष्टी रंगल्या होत्या. एका दूधवाल्याला म्हणे त्याने तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "बायकोशी अबोला कधी सोडणार?" फ्रुमेतला हसू आलं. अबोला काय, कुठल्या घरात नसतो!

तिचा नंबर लागला. सेवक गेट्सलने दार उघडलं. आत जाऊन तिने मान लववली. "देव आपल्याला उदंड आयुष्य देवो, रेब्बे."

"तुम्हालाही," उत्तर आलं, पण भलतीकडून, खिडकीजवळून.

तिने नाफ्तालीचं सांगितलं. रेब्बेंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याच्यासाठी मी प्रार्थना करीन. पण फ्रुमेतबाई, डोळ्यांचं काय करायचं ठरवलंत?"

हाताला लागलेली टेबलाची कड तिने गच्च धरली.

"कुणी... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीही नाही."

म्हणजे लोक म्हणतात ते खरं! हा माणूस आरपार बघतो. मग बाकीचं तरी याच्यापासून काय लपणार?

"तर मग तांबटाच्या सुनेचंही तुम्हाला दिसलं असेल," ती पुटपुटली.

"कुठली सून?"

फ्रुमेतने जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. गावात नव्यानेच आलेल्या तांबटाच्या घरी, बाळंतिणीचं रक्त किती जातंय हे तिला दिसलंच नव्हतं. सासू किंचाळली म्हणून सून वाचली. हे सगळं तिने सांगून टाकलं.

रेब्बे म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं. मला वरून कुणी काही कळवत नाही, फ्रुमेतबाई. तुम्ही आत आलात आणि माझ्या कोटाला उदंड आयुष्य दिलंत. तो तिकडे खुंटीवर आहे."

चमत्कार असता तर एक वेळ बरं झालं असतं. हे तर कुणालाही दिसलं असतं!

बाहेर येताच तिने गेट्सलचा दंड धरला. "मला दिसत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

गेट्सलने घसा खाकरला. "मावशी, आमच्या यूटेच्या बाळंतपणाच्या वेळी भर दुपारी घरात इतके दिवे कशाला लावले होते, असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, तुम्हाला तेल जास्त झालंय!"

"शेजारणींनी आणून दिले होते. तुम्ही यायच्या असलात की सगळ्या घरांत लावतात."

"मग मेल्यांनो, मला बोलावता कशाला?"

"तुमच्यासारखा हात नाही ना कुणाचा."

फ्रुमेत मटकन बाकावर बसली. अख्खं गाव! आणि ती वर्षभर कुणासमोर नाटक करत होती?

तिथून ती घरी गेलीच नाही. गिरणीपलीकडे ब्राइने नावाची तरुण सुईण राहायची. फ्रुमेत तिला चारचौघांत कसाईण म्हणायची. तिच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "ब्राइने, मला दिसत नाही."

"माहीत आहे."

"तुलासुद्धा? कसं?"

"परवा बाजारात तुम्ही माझ्याशी गोड बोललात, मावशी."

त्यानंतर दोघी बरोबरच जायच्या. पोट चाचपून मूल कसं आहे ते फ्रुमेत सांगायची. कात्री आणि रक्तावर नजर, हे ब्राइनेकडे. नाफ्तालीची खबर मात्र हिवाळा सरला तरी आली नाही.

तांबटाच्या सुनेकडे फ्रुमेत एकटीच गेली आणि घडलं ते तिला सांगितलं. त्या पोरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.