दारात अडकलेलं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे आणि सध्या दारात आडवं पडलेलं आहे. माझे दोन पाय साहेबांच्या खोलीत आहेत आणि दोन बाहेर कचेरीच्या व्हरांड्यात. हसू नका. जन्मभर इमानेइतबारे उभं राहून मला जे जमलं नाही, ते आज आडवं पडून जमलं आहे.

माझं लाकूड दूरच्या प्रांतातलं. घडवलं मात्र मला इथल्याच सुताराने, आणि तेही याच खोलीत. दारातून मी कधी आत आलंच नव्हतं. काम संपल्यावर सुताराने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "झालं बाबा तुझं. आता इथलंच हो." इथली बोली ऐकत ऐकत मी खरोखरच इथलं झालं.

माझ्या एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला उभं राहायची जागा. खुर्चीत बसणारे साहेब नेहमी बाहेरून नेमून आलेले, उभे राहणारे नेहमी इथले. बाहेरचं असणं हा काही गुन्हा नव्हे. तसं मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू? एक साहेब तर वर्षभरात इथल्या भाषेत भांडायला शिकले होते. त्यांची बदली झाली तेव्हा मला करमेना. बाकीच्यांनी मात्र कचेरीतल्या इथल्याच कारकूनकाकांना दुभाषी केलं आणि आपले कान झाकून घेतले. माणसं गयावया करायची, साहेब आपल्या भाषेत झिडकारायचे आणि काका सांगायचे, "साहेब विचार करू म्हणतात." मला दोन्ही भाषा कळतात. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा कचेरीत मोजणी अधिकाऱ्याची जागा निघाली. त्याच सुताराची लेक परीक्षेत पहिली आली, तरी साहेबांनी जागा बाहेरच्या उमेदवाराला देऊ केली. ती रोज येऊन विचारायची, "मला का नाही?" उत्तर ठरलेलं, विचार करू.

आज सकाळी साहेबांसाठी काचेचं नवं टेबल आलं. हमालांनी मला आडवं करून दारात घातलं आणि मी जे रुतलं ते रुतलंच. साहेब आत, बाकी सगळे बाहेर. तेवढ्यात ती आली. माझ्यावरून आत डोकावत म्हणाली, "साहेब, मला का नाही?"

साहेब घामाघूम झाले होते. ते खेकसले. कारकूनकाकांनी सवयीने सुरुवात केली, "साहेब विचार..." आणि ते थांबले. आज ते साहेबांच्या शेजारी नव्हते. व्हरांड्यात, आपल्या माणसांत उभे होते.

"काका, खरं काय ते सांगा."

"पोरी, ते म्हणतात, इथल्यांनी शिपाई व्हावं. खुर्ची इथल्यांना झेपत नाही." काका तिच्याकडे वळले. "आजचंच नाही हे. मीच इतकी वर्षं गोड करून सांगत होतो."

साहेबांनी मला कापायला करवत मागवली. हमालाने ती आणली, भिंतीला टेकवली आणि हात झटकले.

"घ्या साहेब, तुम्हीच कापा. आम्हा इथल्यांना कुठलं झेपतंय!"

पहिल्यांदा हसली ती सुताराची लेक. मग सगळा व्हरांडा हसला. ती माझ्या पाठीला पाठ लावून फरशीवर बसली. "काका, त्यांना सांगा, जे बोललात ते लिहून द्या, नाहीतर माझी जागा द्या. तोवर टेबल हलणार नाही." काकांनी शब्दन् शब्द सांगितला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, जपा, असं मी शेवटी सांगायचं असतं. मी नाही सांगत. धूळ बसली तर बसू दे. मला पुन्हा उभं कराल तेव्हा खुर्चीच्या बाजूला कोण बसलंय आणि त्याला समोरच्याचं बोलणं कळतंय का, एवढं मात्र बघा.

तिची पाठ मला टेकलेली आहे. साहेब आतून ढकलून बघताहेत. ढकला म्हणावं. मला घडवणाऱ्याने मला इथलंच हो म्हणून सांगितलंय.