सोपं मरण

डॉक्टर रुचीनं चैनलालांच्या छातीवर चिकटवलेली गोल पट्टी त्यांच्या बायकोनं, तुलसाबाईंनी, उचकटून काढली आणि मुठीत चुरगाळली.

"डबा नोका लावू, बाई. त्या डब्यानं मानसं जाऊन राहिली."

अर्जुनीहून गोंदियाच्या रुग्णालयात आणलेले चैनलाल तापानं निपचित पडले होते. काल दुपारी डोळा लागला असताना इथंच त्यांचं हृदय थरथरून थांबलं होतं. विजेचे झटके देऊन ते कसंबसं सुरू केलं. पुन्हा थांबलं तर सुरू होईलच, याची खात्री नव्हती.

अत्यवस्थ रुग्णांच्या हृदयाचे ठोके का बिघडतात, हाच रुचीच्या संशोधनाचा विषय. डबा त्या ठोक्यांची सलग नोंद ठेवायचा. लावायचाच तो मरणाच्या दारातल्या माणसाला, मग त्यातले काही जाणारच. पण व्हरांड्यातल्या नातेवाइकांनी गणित उलटं मांडलं होतं. रुचीला त्यांचा राग यायचा. मग स्वतःचाही, कारण तिनं कधी कोणाला बसवून नीट सांगितलं नव्हतं.

"मावशी, सकाळी काढलेल्या यांच्या ईसीजीत मला काही वेगळं दिसलं. दुपारी ते नव्हतं. डबा लावल्याशिवाय ते पकडता येणार नाही."

"जायचंच असंल त सोपं जाऊ द्या त्याइले. याइचा बाप झोपेतच गेला. मोठा भाऊ बी. राती जेवला, निजला, सकारी उठलाच नाही. आमच्या घरच्या मानसाइले मरण सोपं येते, बाई. सारं गाव म्हनते."

हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता. रुचीचा हात थांबला.

"मोठे भाऊ केवढे होते तेव्हा?"

"असंल, आमच्या धनेंद्राएवढा."

खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला त्यांचा तरुण मुलगा धनेंद्र वैतागला. दोन दिवस त्याची धावपळ चालली होती.

"आई, काही बी बोलतेस तू. लावा जी डॉक्टर, पहिले माह्या छातीवर लावा. मेलो त सांगजो."

त्यानं शर्टाची बटणं सोडली. रुचीनं पट्ट्या चिकटवल्या, तारा जोडल्या. तुलसाबाई लेकाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, रुची डब्याच्या पडद्याकडे.

निरोगी माणसाची रेघ सुळका चढते आणि झटकन खाली येते. इथं ती कौलारू छपरासारखी सावकाश उतरत होती. सकाळी चैनलालांच्या ईसीजीत अगदी असाच उतार होता. तिनं एकेक पट्टी पुन्हा दाबली. उतार हलला नाही.

"काही होऊन राहिलं का रे?" तुलसाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. पाह्य, धडधाकट आहो."

तुलसाबाईंची मूठ सुटली. चुरगळलेली पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं सरळ केली आणि रुचीपुढे धरली.

"मंग आता याचा काढा न त्याइले लावा, बाई. माही ना नाही."

रुचीनं तारेला हात घातला, पण ती काढली नाही.

"काढा ना जी लवकर," धनेंद्र जांभई देत म्हणाला. "दोन राती डोळ्याले डोळा नाही. घरी जाऊन निवांत झोपतो."

"जा बेटा," तुलसाबाई म्हणाल्या. "झोप निवांत."

शेजारची खाट सकाळीच रिकामी झाली होती. रुचीनं तिच्यावरची चादर ओढून सरळ केली.

"घरी नको," ती म्हणाली. "इथं झोप."