ढग दाखवणारी नळी

मी एक जुनी काचेची नळी आहे. ज्या सकाळी चिमणीची आई कामावर कोसळली आणि ती गेल्याचे फोनवर कळले, त्या सकाळी मी बाथरूमच्या खिडकीत उलटी ठेवलेली होते. थोड्या वेळापूर्वीच तिने मला धुतले होते. माझे पाणीही निथळले नव्हते.

मित्रांनो, माझा जन्म भट्टीत झाला. तापलेली काच ओढून मला लांब केले आणि एक तोंड बंद केले. आचेवर धरले तरी तडकायचे नाही, हा माझा गुण. दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मी बरेच दिवस पडून होते. मग चिमणीच्या आईने मला घरी आणले.

चिमणी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. एक दिवस तिचे डोळे सुजले, मग पाय सुजले, पोट फुगले. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. हिची गाळणी सैल झाली आहे आणि अंगाला हवी असलेली प्रथिने लघवीतून वाहून जात आहेत. गोळ्या सुरू झाल्या, जेवणातले मीठ कमी झाले. सूज उतरली, पण गोळ्यांनी गाल मात्र गोल झाले.

"बरं वाटलं तरी तपासणी सोडायची नाही," बाई म्हणाल्या. "साध्या सर्दीनंतरही हे उलटतं. सूज दिसायच्या आधी लघवीत दिसतं."

मग रोज सकाळी चिमणी आपल्या पिवळ्या पेल्यात लघवी आणून ठेवी. आई ती माझ्यात ओती, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात मला धरी आणि माझा वरचा भाग दिव्यावर तापवी. वर ढगासारखे पांढरे गढूळ झाले, की ती व्हिनेगरचे थेंब टाकी. साधा गढूळपणा विरघळतो, प्रथिनांचा तसाच राहतो.

"आई, आज हवा कशी?" चिमणी दारातून विचारी.

"लख्ख ऊन. पळ शाळेत."

"थोडासा ढग असता तर सुट्टी मिळाली असती."

"चावट कुठली."

एकदा खरोखरच ढग आला. अंगावर सूज नव्हती, पोर उड्या मारत होती. तरी आई तिला घेऊन गेली आणि औषध वेळेत सुरू झाले. "घरीच पकडलंत, फार बरं झालं," असे बाई म्हणाल्या म्हणे. त्या दिवशी आईने मला दोनदा धुतले.

आता मी पत्र्याच्या डब्यात आहे. आत्याने घर आवरताना आईच्या वस्तू गोळा केल्या. कंगवा, चष्मा, हातातले घड्याळ आणि मी. "दादाच्या नजरेला पडायला नको," म्हणत तिने झाकण दाबले आणि डबा कपाटावर ठेवला. बाबा त्याला हात लावत नाहीत. मी चष्म्याच्या काडीखाली आडवी पडून आहे. घड्याळ अजून चालते. अंधारात मला फक्त ऐकू येते.

भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत चिमणीला सर्दी झाली होती. ती ओसरली. आज सकाळी आत्या म्हणाली, "दादा, पोरीचे डोळे बघ कसे सुजलेत. उशीत तोंड खुपसून रडत असणार."

"रडू दे. आई गेलीय तिची."

"मी नाही रडले," चिमणी म्हणाली.

"बरं, बाळा."

"बाबा, बूट घट्ट होतायत."

"मोठी व्हायला लागलीस. रविवारी नवे घेऊ."

"आणि माझा पेला? हवा नाही बघायची?"

पाणी ओतल्याचा आवाज आला. बाबा पेला विसळत होते.

"आता तू बरी आहेस ना," ते म्हणाले. "ते आई करायची."

मी इथे आहे, हे मला ओरडून सांगता येत नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा. पण त्याचे काम त्यांच्याबरोबर डब्यात बंद करू नका. अशा आजाराच्या मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसले, तर ते रडले असेल असे धरून चालू नका. आधी लघवी तपासा, डॉक्टरांना दाखवा.

धुतलेला पिवळा पेला खिडकीत, माझ्या जागी टेकल्याचा आवाज आला. चिमणीची आजची तपासणी झालेली नाही.