वजन वाढवायची घाई

इंदिरानगरातल्या त्या जिमची शुभांगीला पहिल्या दिवसापासून शिसारी आली होती. जिना चढतानाच ओल्या मोज्यांचा वास नाकात शिरायचा. बाकावर आधीच्या माणसाच्या पाठीचा घाम तसाच चमकत असायचा. पुसायला खिडकीत एकच फडकं, आणि ते बाकाहून मळकट. ती घरून जुना पंचा घेऊन यायची, दोनदा पुसायची, वर स्वतःचा टॉवेल अंथरायची आणि मगच पाठ टेकायची. हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत, वजनं उचला, असं डॉक्टरांनी बजावलं नसतं, तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने तिथं पाऊलही टाकलं नसतं. तशी ती लॅबमध्ये वीस वर्षं लोकांचं रक्त-लघवी तपासत आली होती. पण तिथली घाण निदान बाटलीत बंद असायची आणि तिच्यावर नाव लिहिलेलं असायचं.

पुंजाकाका त्याच आठवड्यात आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, बासष्ट वर्षांचे. ढगळ हाफ पँट, पांढरी बंडी. उठताना ते आपला बाक खांद्यावरच्या नॅपकिनने पुसून उठायचे. शुभांगीला तेवढं पुरेसं होतं.

ट्रेनर ललित पंचविशीचा. पण जिममध्ये सगळे त्याला सर म्हणायचे, म्हणून तीही म्हणायची. सुरुवातीला त्याने शिकवलं मात्र मनापासून. जमिनीवरचा रॉड कसा उचलायचा ते स्वतः करून दाखवलं.

"पाठ सरळ. आधी श्वास भरायचा, मग उचलायचं. एका दमात बारा वेळा. शेवटचे दोनही पहिल्यासारखेच सरळ झाले पाहिजेत. पुढच्या वेळेलाही तसेच झाले, की मग वाढवायचं. तेही दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो, जास्त नाही."

शुभांगीने घरी येऊन ते वहीत उतरवून ठेवलं. पहिले दोन आठवडे ती नुसताच वीस किलोचा रॉड उचलत राहिली. दहाव्या खेपेला कंबर खचायची, तिथं ती थांबायची.

मग मालकाने 'महिन्यात दुप्पट' नावाचं काहीतरी काढलं. नव्या माणसाने महिन्याभरात दुप्पट वजन उचलायचं, त्याचा व्हिडिओ जिमच्या पानावर टाकायचा. त्या दिवसापासून ललितच्या हातात मोबाईल आला आणि त्याची नजर माणसाच्या पाठीवरून उडाली.

एका सोमवारी सकाळी पुंजाकाका तीस किलो उचलत होते. आठव्या वेळीच त्यांची पाठ धनुष्यासारखी वाकली. शुभांगीला ते शेजारून स्पष्ट दिसलं. ललित दोन जाड प्लेटा घेऊन आला.

"काका, आज पन्नास!"

"सर, अजून बारा नाय झाले माझे."

"अहो, तुम्ही तर वाघ आहात! वय काय आणि ताकद काय! घ्या."

काका ओशाळं हसले आणि वाकले. पन्नास किलो कसंबसं गुडघ्याच्या वर आलं. भोवती पाच-सहा जण जमले. कुणीतरी शिट्टी मारली. ललितने आणखी पाच-पाच किलो चढवले. "साठ! दुप्पट! फक्त एकदा!"

टाळ्या सुरू झाल्या. शुभांगीचेही हात वाजायला लागले.

रॉड जमिनीपासून वीतभर उठला असेल. काकांच्या तोंडातून कोरडी उबळ निघाली, रॉड दणकन आदळला आणि ते गुडघ्यांवर बसले. चेहरा राखेसारखा झाला. मग ते तिथंच मॅटवर ओकले. जमलेल्यांपैकी एकजण नाक दाबून हसत मागे सरकला. ललितने मोबाईल खाली केला नव्हता.

"उठला होता, उठला होता," तो म्हणाला. "शॉट आलाय."

शुभांगी पुढे झाली. मॅटवरच्या ओकारीची तिला किळस वाटली नाही. ती तिने आपल्या पंच्याने पुसून काढली, काकांचं तोंड पुसलं, त्यांना कुशीवर निजवलं. तिला किळस आली होती ती त्या शब्दांची आणि स्वतःच्या हातांची.

"ललित," ती म्हणाली, 'सर' हा शब्द तिच्या जिभेवरच आला नाही, "मोबाईल ठेव आणि रिक्षा बोलाव. बारा सरळ होईपर्यंत वाढवायचं नाही, हे तूच शिकवलंस ना? माणसाची पाठ मोडताना तू व्हिडिओ काढतोस?"

"मॅडम, त्यांनी स्वतः उचललं..."

"रिक्षा."

दवाखान्यात कळलं, मणका वाचला. स्नायू मात्र फाटला होता. दीड महिना सक्तीची विश्रांती. चार दिवसांनी ती त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्यांची बायको धोंडाबाई कमरेला गरम पाण्याची पिशवी लावत होती.

"मला ठावं होतं ताई," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "पाठ सांगत होती, नाय जमणार. पण एवढी माणसं बघत होती. लय लाज वाटली नाय म्हणायला."

शुभांगीला त्यांचाही राग आला. "मलाही दिसत होतं काका," ती म्हणाली. "आणि मी टाळ्या वाजवत होते."

धोंडाबाईने एकदा तिच्याकडे बघितलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी शुभांगीने मालकाला गाठून तो व्हिडिओ जिमच्या पानावरून काढून टाकायला लावला. काढला नाही तर दवाखान्याचा कागद त्याच्याच पानावर टाकीन, असं सांगितल्यावर व्हिडिओ निघाला. ललित महिनाभर तिच्याकडे बघत नव्हता. तिचं त्यावाचून अडलं नाही. एका गुरुवारी तिचे बारा सरळ झाले, शनिवारीही झाले. तिने स्वतःच दोन छोट्या प्लेटा चढवल्या. पंचवीस किलो वर आलं, पाठ हलली नाही. तिने वहीत आकडा लिहिला.

दोन महिन्यांनी, डॉक्टरांची परवानगी घेऊन, पुंजाकाका परत आले. शुभांगीने त्यांच्या हातात लाकडी काठी दिली. आठवडाभर काठी, मग दहा किलोचा हलका रॉड. ती बाजूला उभी राहून त्यांची कंबर बघायची. एका सकाळी त्यांनी अकरा मोजले, बारावा जरा वाकडा गेला.

"चढवू का थोडं?" त्यांनी विचारलं.

"तुमची पाठ काय म्हणते?"

काकांनी घाम पुसला, कमरेवर हात ठेवला.

"नाय म्हणते."

"मग परवा बघू," शुभांगी म्हणाली, आणि दोघं जिना उतरून मोकळ्या हवेत आले.