लक्षद्वीपच्या आधी टेंभुर्णी

लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी शिवराज आणि रेश्मा पहिल्यांदाच क्रूझवर जाणार होते. लक्षद्वीपला उतरल्यावर काय काय करायचं, हे सोलापुरात घरी बसून ठरत होतं. रेश्माने मासे बघत पोहणं निवडलं, दोघांनी मिळून होडी वल्हवायचंही तिनेच ठरवलं.

"तू जा की. मी काठावर सामान राखतो," शिवराज म्हणाला.

"सामान राखायला तुम्हाला समुद्रापार नेते व्हय मी?"

तो हळूच म्हणाला, "मला पोहता येत नाही गं. पाण्याची लई भीती वाटते."

रेश्मा हसली नाही. इतकी वर्षं यांनी हे मनातच ठेवलं, याचंच तिला वाईट वाटलं.

"टेंभुर्णीला आमच्या विहिरीत शिका. पाठीला सुका भोपळा बांधला की माणूस तरंगतो. मी तशीच शिकले."

"सासुरवाडीत? मेहुणा हसेल की!"

"हसू दे. त्याला तर मीच ढकललं होतं."

शिवराज माहितीपत्रकातल्या निळ्या पाण्याच्या फोटोकडे बघत राहिला. तिने त्यात एकटीनेच उतरावं, हे काही त्याला पटेना. त्याने मेहुण्याला फोन लावला.

"दाजी बोलतोय. माझं वजन पेलेल एवढा सुका भोपळा हाय का घरात? हस बाबा, आधी पोटभर हसून घे."