अढीची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी अंगठी आहे. सोन्याची नव्हे, त्यामुळे मला कोणी जपून ठेवत नाही. माझ्या पोटात टिकलीएवढं यंत्र आहे. बाईच्या पाळीच्या चक्रात अंगाची ऊब जराशी कमी-जास्त होते. ती झोपेत मोजायची आणि मूल राहण्याचे दिवस मोबाइलवर सांगायचे, हे माझं काम. जन्मले कारखान्यात, आणि सासर मिळालं देवगडला, रसिकाच्या बोटावर.

रसिकाला बाळ हवं होतं. नवरा गुरुदास गोव्यात नोकरीला. मी सांगेन त्या दिवशी तो रजा काढून यायचा. "आंगठी हुशार आसा हां!" तो म्हणायचा आणि मी फुगायचे.

मग आंब्याचा हंगाम आला. घर पेट्यांनी भरलं आणि रसिकाचं अंथरूण माजघरात अढीला लागून पडलं. अढी म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले आंबे. पिकता पिकता ती तापते. झोपेत रसिकाचा हात पेंढ्यात जायचा. मूल राहण्याचे दिवस सरले की बाईचं अंग जरा तापतं; ही ऊब मी तिचीच समजले आणि 'दिवस सरले' असं सांगून मोकळी झाले.

"ह्या खेपेक येव नकात," ती नवऱ्याला फोनवर म्हणाली. पुढच्या महिन्यातही तेच. मग तर मी 'अनियमित' असा लाल शेरा मारला. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे मथुराबाईंनी, तो पाहिला.

"यंत्र कित्याक खोटा सांगतला? हिच्यातच कायतरी कमी आसा."

रसिका खाली मान घालून पेट्या भरत राहिली. मी तिच्या बोटावरच होते, आपल्या आकड्यांवर खूश.

एका सकाळी मथुराबाई पिकले आंबे काढायला आल्या. पेंढ्यात हात घातला की आंबा किती दिवसांचा ते त्यांना कळतं. त्या दिवशी हाताला आधी झोपलेल्या सुनेचा हात लागला. त्यांनी बोट चाचपलं, पेंढा चाचपला.

"अगो, तुझा बोट नाय तापला. पेंढो तापलो!" त्यांनी सुनेला हलवून जागं केलं. "मी तुका कायच्या काय बोललंय गो."

सासूची खाट रसिकाला मिळाली, अढीजवळची जागा सासूने घेतली. गुरुदासलाही त्यांनीच कळवलं, "रजा काढून ये. चूक आमची."

चूक माझी होती, मित्रांनो. मला कोणी रागावलं नाही, याचीच जास्त लाज वाटते. माझ्या वाटचे बोल रसिकाने गिळले. मला जरूर वापरा. पण माझा आकडा वाचून कुणा बाईला बोल लावण्याआधी एकदा पेंढ्यात हात घालून पाहा.