डावखुरी गाठ

"ही गाठ माझी नाही," एदेल्मिरा म्हणाली.

जाळं तिच्या मांडीवर पसरलं होतं आणि चाचपणारी बोटं एका गाठीवर अडली होती. समोर तिचा नवरा एलेउतेरिओ नळीने माते नावाचा कडू चहा ओढत बसला होता.

"तुझी नाही तर काय माशांनी बांधली, म्हातारे?"

"माशांना डावा हात नसतो."

तो हसला, पण नजर नदीकडे वळवून. इथेच कुठेतरी पाणी मुरत होतं.

माउले नदीच्या मुखाशी जाळं पुरुषाने टाकायचं आणि सांधायचं ते घरच्या बाईने. पेहेरेय म्हणजे बोटभर चंदेरी मासा, एक गाठ चुकली तरी निसटतो. दुसरीची गाठ नवऱ्याच्या जाळ्यात सापडली, तर गावाला वेगळं काही सांगावं लागत नाही. आणि डावखुरी बाई एकच होती, पलीकडच्या काठावरची विधवा नोल्फा. या वयात! मेल्याला लाज कशी वाटत नाही?

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला तशी एदेल्मिरा तरीत बसून पलीकडे गेली.

"माझा नवरा तुझ्याकडे कशाला येतो गं?"

"बसा तरी, ताई."

"बसायला नाही आले मी!"

नोल्फाने आतून जाळ्याचा कापून काढलेला तुकडा आणला आणि तिच्या हातात दिला. गाठी एदेल्मिराच्याच होत्या. त्यांच्या मधून तिची दोन बोटं आरपार गेली.

"तुम्हाला हल्ली दिसत नाही ना नीट?" नोल्फा हळूच म्हणाली. "अर्धी मासळी निसटायची. तुमचं सांधलेलं काढून ते माझ्याकडून करून घेतात. म्हणाले, तिला कळू देऊ नकोस, हातातलं जाळं सुटलं तर ती अंथरूण धरेल."

एदेल्मिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ती चुलीच्या धुराला बोल लावत होती. त्यापेक्षा तो खरंच हिच्या नादी लागला असता तर बरं, चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

संध्याकाळी तिने नेहमीसारखं जाळं मांडीवर घेतलं.

"बघ, कशी बसलीय गाठ."

एलेउतेरिओने गाठीवरून अंगठा फिरवला. "पहिल्यासारखी."

खोटारडा, तिच्या मनात आलं, आणि तिला भरून आलं.

सकाळी होडीत जाळं ठेवताना त्याच्या हाताला घडीत काहीतरी कडक लागलं. दोऱ्याचं नवंकोरं रीळ होतं.

"म्हातारे, हे..."

"नोल्फाकडचा दोरा संपला असेल," ती म्हणाली. "जा आता, भरती चुकेल."

आणि होडी ढकलायला ती पाण्यात उतरली.